गोष्टीतले क्रौर्य आणि सांगणाऱ्याचे उत्तरदायित्व

काऊचिऊच्या गोष्टीला दोन शेवट आहेत. पावसात शेणाचे घर वाहून गेलेला कावळा चिमणीच्या दाराशी येतो. चिमणी बाळाला न्हाऊ घालते, अंग पुसते, तीट लावते, आणि दार उघडणे लांबवीत राहते. इथपर्यंत गोष्ट बहुतेक घरांत सारखीच. पुढे एका घरात दार उघडते आणि भिजलेल्या कावळ्याला आत जागा मिळते. दुसऱ्या घरात त्याला ऊब घेण्यासाठी तापल्या तव्यावर बसवले जाते आणि तो भाजून निघतो. लोककथेच्या अभ्यासकाच्या दृष्टीने हे पाठभेद होत. दोन्ही नोंदवायचे, दोन्हींना सारखाच मान द्यायचा, मूळ पाठ कोणता हा प्रश्न बहुधा गैरलागू मानायचा. अभ्यासाची शिस्त म्हणून हे योग्यच आहे. पण रात्री अंथरुणावर गोष्ट सांगणाऱ्या आजीपुढे पाठभेद नसतात. तिच्यापुढे एक कावळा असतो, एक चिमणी असते आणि मांडीवर डोके ठेवून पडलेले मूल असते. कावळ्याला भाजायचे की नाही, हे तिला त्या क्षणी ठरवावे लागते. तिने काय ठरवले हे मुलाला कळते, कारण ते तिच्या तोंडाकडे पाहत असते.

लोककथा आणि बालगीते यांविषयीची नैतिक चर्चा या तोंडाकडे सहसा पाहत नाही. ती संहितेकडे पाहते. ‘रिपब्लिक’च्या दुसऱ्या भागात प्लेटो माता आणि दाया यांनी मुलांना सांगावयाच्या गोष्टींवर देखरेख हवी असे म्हणतो. युरेनस आणि क्रोनस या पितापुत्रांच्या क्रौर्याची कथा खरी असली तरी ती लहानांच्या कानी पडू नये. सांगणे अगदी भागच पडले तर मोजक्या लोकांना, गुप्तपणे, आणि सहजासहजी न मिळणारा मोठा बळी अर्पण केल्यावर सांगावी, अशी त्याची सूचना आहे. ग्रिम बंधूंनी १८१२ साली लोककथांचा पहिला खंड काढला तेव्हा त्यात मुले खाटीकखाटीक खेळताना खरोखरच एकाचा गळा चिरतात अशी कथा होती. १८१९च्या आवृत्तीतून ती गेली. हान्सेल आणि ग्रेटेल यांना रानात सोडून देणारी आई १८४०च्या आवृत्तीत सावत्र आई झाली. प्लेटोचा उपाय कथा झाकण्याचा, ग्रिम बंधूंचा ती सौम्य करण्याचा. दोहोंमागचे गृहीत मात्र एकच : क्रौर्य गोष्टीत असते, तेवढे काढून घेतले की उरलेली गोष्ट निर्धोक होते. प्लेटोला निदान एवढे जाणवले होते, की अशी कथा ऐकण्याचे काही मोल मोजावे लागते. बळीची अट हास्यास्पद वाटली तरी ती कथेला नव्हे, कथेच्या प्रसंगाला घातलेली अट आहे. सांगणाऱ्याचा विचार तिथे दारापर्यंत येऊन परत गेला आहे.

सिंधुदुर्ग जिल्ह्यात कुडाळजवळच्या पिंगुळी गावी ठाकर समाजाने जतन केलेली चित्रकथीची परंपरा हे गृहीत तपासून पाहण्यास फार उपयोगी पडते. बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ या ग्रंथात चित्रांच्या आधारे कथा सांगणाऱ्याचा उल्लेख सापडतो, यावरून या प्रकाराच्या वयाची कल्पना येते. पिंगुळीच्या परंपरेला सावंतवाडी संस्थानाचा आश्रय होता. एका आख्यानाची चित्रे क्रमाने लावून केलेला संच म्हणजे पोथी. तिच्यात शब्द नसतात, केवळ चित्रे असतात, तरी ती पोथीच. दोन कागदांच्या पाठी एकमेकींना चिकटवून पान तयार केलेले असते. चित्रकथी ते पान श्रोत्यांसमोर उभे धरतो, साथीदार सूर आणि ताल धरतात, आणि रामायण-महाभारतातले आख्यान कधी गाऊन, कधी बोलून उलगडत जाते. प्रसंग संपला की पान बदलते.

या चित्रांतल्या आकृती बव्हंशी बाजूने दिसणाऱ्या, डोळे मोठे आणि ताणलेले, हातांच्या मुद्रा ठरीव. युद्धात बाण लागलेला आणि बाण मारणारा यांच्या मुद्रांत आधुनिक प्रेक्षकाला अपेक्षित असा भावभेद नसतो. कलासमीक्षेने याला कधी आदिम जोम म्हटले, कधी शैलीकरण. दोन्ही वर्णने चुकीची नाहीत, पण ती चित्र भिंतीवर टांगून केलेली आहेत. चेहऱ्यावर दुःख कोरून ठेवण्याची गरज या चित्राला वाटत नाही, कारण ते दुःख उच्चारणारा माणूस चित्राशेजारीच बसलेला असतो. सीता वनात सोडली जाते ते पान सगळ्या गावांत एकच. ते किती वेळ उभे धरायचे, कुठे सूर खाली आणायचा, रामाला दोष द्यायचा की लक्ष्मणाच्या तोंडून तो सुचवायचा, हे मात्र दर रात्री ठरते. चित्र सामान्य असते, आवाज विशेष असतो. श्रोत्याला रामाविषयी जाब विचारायचा असेल तर तो वाल्मीकीला विचारता येत नाही. समोर बसलेल्याला विचारता येतो, आणि विचारला नाही तरी तो विचारता आला असता ही जाणीव त्या आवाजाला बांधून ठेवते.

दक्षिण कोकणातल्या दशावतारातही हेच दिसते. आडदशावतारात वेद पळवणारा संकासुर येतो. काळा पोशाख, लांब जीभ. पुढे बसलेली मुले त्याला भितात, आणि तोच संकासुर मालवणीत बोलू लागला की हसतात. भीती आणि हसू यांच्यामधले अंतर नट आपल्या देहाने राखतो. एखादे मूल खरोखरच रडू लागले तर तो ते पाहू शकतो. छापील गोष्टीला आणि छापील चित्राला रडणारे मूल दिसत नाही. मुद्रणाबद्दलचा खरा नैतिक प्रश्न इथून सुरू होतो.

मुद्राचित्र ही कला सांगणाऱ्याला मुद्दाम दूर करणारी आहे. अम्लरेखनात, ज्याला चित्रकार एचिंग म्हणतात, तांब्याच्या पत्र्यावर मेणाचा थर देतात, सुईने तो खरवडून रेषा काढतात आणि पत्रा अम्लात बुडवतात. जिथे तांबे उघडे पडले तिथे अम्ल ते खाते. मग खोलगट रेषांत शाई भरून पृष्ठभाग पुसायचा, वर ओलसर कागद ठेवायचा आणि यंत्राच्या रुळांखालून काढायचा. कागदावर उमटते ते पत्र्यावरच्या चित्राचे प्रतिबिंब : डावे उजवीकडे, उजवे डावीकडे. रेषा हाताने काढलेली असली तरी तिची खोली अम्लाने ठरवलेली असते, आणि कागदाला कलावंताचा हात थेट लागतो तो शेवटी, पेन्सिलीने सही करताना. सहीशेजारी एकूण प्रतींपैकी ही कितवी, तो अंक. ठरलेल्या प्रती निघाल्या की पत्र्यावर आडवी रेघ ओढून तो रद्द करण्याची पद्धत आहे. गोष्ट अशी रद्द करता येत नाही. हा विरोध बाजारापुरता नाही. मौखिक कथेला कर्ता नसतो पण सांगणारा असतो. मुद्राचित्राला कर्ता असतो पण सांगणारा नसतो. मौखिक कथा घेऊन मुद्राचित्र करणाऱ्या कलावंतापुढे म्हणून एक विचित्र पेच उभा राहतो. जिच्यासाठी कोणीच जबाबदार नव्हते अशा गोष्टीखाली त्याला आपली सही करावी लागते, आणि सही करून तिथून निघून जावे लागते.

अलीकडच्या काळात हा पेच कोणी पुरता अंगावर घेतला असेल तर तो पाउला रेगो या चित्रकर्तीने. तिचा देश या किनाऱ्याला परका नाही. १९३५ साली लिस्बन येथे तिचा जन्म झाला तेव्हा सत्तेवर असलेला सालाझार हाच तेरेखोल नदीपलीकडच्या गोव्याचाही सत्ताधीश होता. १५ ऑगस्ट १९५५ रोजी बांद्याहून पत्रादेवीला सरहद्द ओलांडणाऱ्या निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या त्या याच राजवटीच्या. त्या काळात रेगो लंडनच्या स्लेड कलाशाळेत शिकत होती. १९६० साली, म्हणजे गोवा मुक्त होण्याच्या आदल्या वर्षी, तिने सालाझार मातृभूमी ओकून टाकतो आहे असे चित्र रंगवले. उघड बोलण्याला शिक्षा असलेल्या समाजात गोष्टीला जे सामर्थ्य येते त्याची ओळख तिला लहानपणीच घरातल्या म्हाताऱ्या बायकांच्या तोंडून झाली होती. आयुष्यभर ती चित्रांना गोष्टीच म्हणत राहिली. पोर्तुगालमधील कश्काइश येथे २००९ साली तिच्या चित्रांचे संग्रहालय उघडले, त्याचे नावच मुळी कथांचे घर असे आहे. २०२२ साली लंडन येथे तिचे निधन झाले.

१९८९ साली रेगोने इंग्रजी बालगीतांवर एचिंग आणि अॅक्वाटिंट या तंत्रांत एक मालिका केली. ती नातीसाठी केली होती, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. ही गीते तिच्या मातृभाषेतली नव्हेत. पोर्तुगालमधल्या इंग्रजी शाळेत शिकताना ती तिच्यापर्यंत आली. मातृभाषेतले बालगीत अर्थाच्या आधी लयीने आत शिरते आणि बहुधा तिथेच राहते. त्यातली सुरी कोणाला दिसत नाही. परभाषेतल्या गीताचे शब्द एकेक करून ओळखावे लागतात आणि मग सुरी दिसते. (कणकवली-कुडाळातल्या इंग्रजी माध्यमाच्या बालवाडीत शेतकऱ्याच्या बायकोने आंधळ्या उंदरांच्या शेपट्या कापल्याचे गाणे मुले टाळ्या पिटत म्हणतात, ती मात्र मातृभाषा आणि परभाषा या दोहोंच्या मधल्या जागी उभी राहून. तिथे लयही परकी आणि अर्थही परका. त्या गाण्याचे काय होते हा वेगळ्या अभ्यासाचा विषय आहे.)

रेगोच्या चित्रांत सुरी धरणारी बाई ही कोणीतरी बाई आहे. तिला दंड आहेत, वय आहे, स्वयंपाकघर आहे. दह्याची वाटी घेऊन बसलेल्या मुलीजवळ उतरणाऱ्या कोळ्याला माणसाचा चेहरा आहे, आणि त्या चेहऱ्यामुळे कोळी मोठा असण्यापेक्षा ओळखीचा असणे अधिक भयंकर ठरते. लोकर विचारली जाणारा काळा एडका माणसाहून मोठा आहे, मुलगी त्याच्या जवळिकीत आहे, आणि गाण्यातला गल्लीतला मुलगा मागे दूर, लहानसा. चहाच्या गाण्यात धिप्पाड मुली चिमुकल्या सैनिकांना चहा वाढताहेत. प्रमाण बिघडवण्याची युक्ती जुनीच. गोयाने १७९९ साली काढलेल्या ‘काप्रिचोस’ या अॅक्वाटिंट मालिकेचा वारसा या करड्या अंधारात स्पष्ट दिसतो. पण गोया माणसांच्या खोट्या समजुती उघड्या पाडतो. रेगो काहीही उघडे पाडत नाही. गाण्यात जे आहे तेच ती काढते. एक शब्दही जास्तीचा नाही.

मग बदलते काय? भट्टनायकाने मांडलेली आणि अभिनवगुप्ताने नव्या अर्थाने स्थिर केलेली साधारणीकरणाची कल्पना इथे साहाय्यक ठरते. रसास्वादात भाव कोणाचाच राहत नाही. माझा नाही, परक्याचा नाही, मित्राचा नाही, शत्रूचा नाही. म्हणून भय आस्वाद्य होते. बालगीत हे साधारणीकरणाचे टोक मानता येईल. शतकानुशतके तोंडातोंडांतून घासून त्यातली माणसे इतकी गुळगुळीत झालेली असतात की वेदना कोणाचीच उरत नाही. उंदीर कोणी नाही, बाई कोणी नाही, शेपटी कापली गेली यात कोणाला काही झाले असे नाही. मांडीवर झुलणाऱ्या मुलाला याचा लाभ होतो : भयाचा आकार त्याला परिचित होतो, भय होत नाही. पण हे साधारणीकरण मांडीच्या आधारावर उभे असते. आवाज, ऊब, झोका यांपैकी काहीतरी विशेष, या एका व्यक्तीचे, त्या मुलाला घट्ट धरून असते म्हणूनच गीतातले सारे अनामिक राहू शकते. कागदावर मांडी नाही. तिथे अनामिक चित्र काढले तर ते दुहेरी अनामिक होईल : कोणीच सांगितलेले नाही, कोणालाच झालेले नाही. इंग्रजी बालगीतांची आणि आपल्याकडच्याही बडबडगीतांची बहुसंख्य सचित्र पुस्तके नेमकी अशी आहेत. लालचुटूक गाल, गोलमटोल उंदीर, सुरी असलीच तर बोथट. त्यांना सौम्य म्हटले जाते. त्यांच्याबद्दल खरे म्हणता येण्यासारखे एवढेच, की त्यांना कोणी विचारणार नाही याची त्यांनी व्यवस्था केलेली आहे.

रेगो उलट दिशेने जाते. पिंगुळीच्या पोथीत चित्र सामान्य आणि आवाज विशेष. तिच्या पत्र्यावर आवाज नसल्याने विशेषत्वाचा सारा भार रेषेवर येतो. बाईला चेहरा दिला की सुरी कोणाच्या तरी हातात आहे हे मान्य करावे लागते. कोळ्याला चेहरा दिला की मुलगी कशाला भ्याली हा प्रश्न हसण्यावारी नेता येत नाही. साधारणीकृत झालेले क्रौर्य ती पुन्हा कोणाचे तरी करते. मुलांच्या निरागस गीतांत तिने आपल्या मनातली घाण ओतली, असा आक्षेप अशा चित्रांवर सहज घेता येतो. तो उत्तराला पात्र आहे, कारण तो मूर्खपणाचा नाही. मुलासाठी जे गीत कवच होते ते काढून घेण्याचा अधिकार कलावंताला कोणी दिला? याचे उत्तर कलास्वातंत्र्याच्या नावाने देणे फार सोपे आणि म्हणून निरुपयोगी आहे. खरे उत्तर बहुधा असे : कवच तिने काढलेले नाही, ते छापताना आपोआपच गळून पडलेले असते. गुळगुळीत चित्रपुस्तक ते जागेवरच असल्याचे भासवते. रेगो ते नाही हे दाखवते आणि त्याच्या जागी उभी राहते. मालिकेतली सगळीच चित्रे या कसोटीला उतरत नाहीत. गाय चंद्रावरून उडी मारते अशा विशुद्ध असंगतीच्या गीतात क्रौर्यच नसल्याने तिच्या या सामर्थ्याला करण्याजोगे काही उरत नाही.

दुसरा आक्षेप अधिक कठीण आहे. पत्रा रद्द करून प्रतींची संख्या आवळणे म्हणजे गोष्टीला दुर्मिळ वस्तू बनवणे नव्हे काय? ज्या गीतावर प्रत्येक आजीचा हक्क, त्याचे चित्र मोजक्या दिवाणखान्यांत जाते. रेगोच्या पुढच्या कामात याचे निदान अर्धे उत्तर सापडते. १९९८ साली पोर्तुगालमध्ये गर्भपाताच्या कायद्यावर सार्वमत झाले. मतदान निम्म्याहूनही बरेच कमी झाले आणि सुधारणा थोडक्यात बारगळली. रेगोने त्यावर पेस्टलमध्ये मोठी चित्रे केली आणि १९९९ साली त्याच विषयावर एचिंग केले. पेस्टलचे चित्र एकच असते आणि ते एकाच भिंतीवर असते. एचिंगच्या प्रती एकाच वेळी अनेक गावांत असू शकतात. लपूनछपून गर्भपात करून घेणाऱ्या मुली, बादली, खाट, पाहणाऱ्याला थेट भिडणारी नजर. रक्त जवळजवळ नाहीच. ही बायकाबायकांतच दबल्या आवाजात सांगितली जाणारी गोष्ट होती, तिलाही कर्ता नव्हता. २००७ साली पुन्हा सार्वमत झाले तेव्हा कायदा बदलला, आणि त्या बदलाच्या चर्चेत या चित्रांचाही वाटा मानला जातो. इथे मुद्राचित्राची अनेकता गोष्टीच्या अनेकतेजवळ आली : दारोदार जाणे, पण सही घेऊन जाणे.

सही घेऊन जाण्याचा प्रयोग मराठी बालगीतातही झालेला आहे, आणि तो करणारा कवी याच मातीतला. देवगड तालुक्यात १९१८ साली जन्मलेल्या विंदा करंदीकरांनी १९८१ साली ‘पिशीमावशी आणि तिची भुतावळ’ लिहिले. भुतांच्या गोष्टींचा कोकणात तुटवडा नाही, आणि त्या सगळ्या बिनमालकीच्या. विंदांनी भुतांना संसार दिला, नाती दिली, खोड्या दिल्या. भीती न घालवता ती एका ओळखू येणाऱ्या आवाजाच्या स्वाधीन केली. वसंत बापट आणि वेंगुर्ल्याचे मंगेश पाडगावकर यांच्यासह विंदा गावोगाव काव्यवाचन करीत हिंडले, ही बाब मराठी समीक्षेने लोकप्रियतेच्या सदरात टाकून दिली आहे. कवी स्वतः समोर उभा राहून कविता म्हणतो तेव्हा छापील शब्दाला पुन्हा तोंड मिळते, याची तात्त्विक दखल घेतली गेलेली नाही. वॉल्टर बेन्यामिनने १९३६ साली कथाकथनाच्या ऱ्हासावर लिहिले, त्याचा दाखला आपल्याकडे पुष्कळ दिला जातो. कथेला सांगणाऱ्याच्या हाताचा माग लागलेला असतो, हा त्यातला मुद्दा शोकगीतासारखा वापरण्याची प्रथा पडली आहे. रेगोचे पत्रे आणि विंदांचे काव्यवाचन पाहता तो माग पुसला जातो असे सरसकट म्हणता येत नाही. तो कुठे उमटवायचा याचा निर्णय मात्र आता कोणालातरी जाणीवपूर्वक घ्यावा लागतो.

पिंगुळीत तो निर्णय आज रोजच्या व्यवहारात घ्यावा लागत आहे. मंदिरातल्या रात्रीच्या आख्यानांना श्रोते राहिले नाहीत तसे चित्र आवाजापासून सुटू लागले. पोथीतल्या आकृती सुट्या कागदांवर आणि भेटकार्डांवर आल्या. पर्यटक त्या विकत नेतात. यावर हळहळणे सोपे आहे, पण ते कलावंतांच्या पोटाकडे न पाहता केलेले हळहळणे असते. शिवाय विक्रीत मुळात वाईट काही नाही. चित्रकथीलाही दक्षिणा मिळतच होती. अडचण वेगळी आहे. पोथीतले पान आवाजासाठी केलेले असल्याने त्याच्यातला चेहरा मुद्दामच मोकळा ठेवलेला होता. ती मोकळी जागा आवाजाशिवाय विकली गेली की तिला सजावट म्हणतात. द्यूताच्या पानावरची द्रौपदी दिवाणखान्यातल्या भिंतीवर लाल-पिवळ्या रंगांचा सुंदर मेळ होऊन बसते, आणि घरात येणाऱ्या कोणालाही तिच्याबद्दल कोणाला काही विचारायचे नसते. रेगोच्या चित्रापुढे असे निश्चिंत बसता येत नाही. ती श्रेष्ठ आणि पोथीचा चित्रकार कनिष्ठ, असा याचा अर्थ लावणे मात्र सर्वस्वी चुकीचे होईल. तिने एकट्याने पाहण्याचे चित्र केले, त्याने दोघांनी मिळून पुरे करण्याचे. त्यातला दुसरा निघून गेला आहे.

परशुराम विश्राम गंगावणे यांनी २००६ साली पिंगुळीत आपल्या घराजवळच्या गुरांच्या गोठ्यात ठाकर आदिवासी कलाआंगण हे संग्रहालय सुरू केले. २०२१ साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. जुन्या पोथ्या, कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या बाहुल्या तिथे जपल्या आहेत. जपणुकीच्या या कामाचे मोल वादातीत आहे. पण टीकेच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे ते हे, की तिथे येणाऱ्याला चित्र दाखवताना ते सांगितलेही जाते. सादरीकरण छोटे असेल, पाहुण्यांच्या सवडीनुसार कापलेले असेल. तरी कापायचे काय हे कापणाऱ्याला ठरवावे लागते, आणि ऐकणारा त्याच्या तोंडाकडे पाहत असतो. राजस्थानात फड वाचणारे भोपे फड जीर्ण झाली की ती पुष्करच्या पाण्यात विसर्जित करतात, तिला थंड करणे म्हणतात. आवाज गेलेले चित्र भिंतीवर ठेवण्यापेक्षा पाण्यात सोडणे त्या परंपरेला उचित वाटले. संग्रहालयाच्या काळात हा मार्ग कोणी सुचवणार नाही, आणि सुचवूही नये. पण त्यामागची समजूत गांभीर्याने घेतली तर संग्रहालयाच्या काचेवर चित्राचे वर्ष आणि माप यांशेजारी आणखी एक नोंद हवी असे वाटू लागते : हे पान कोणी, कुठल्या देवळात, कोणाला सांगितले.

पान उभे धरणाऱ्या चित्रकथीला ते चित्र स्वतःला दिसत नसते. दोन चित्रे पाठीला पाठ चिकटवलेली असल्यामुळे त्याच्या नजरेसमोर दुसराच प्रसंग असतो, आणि लोक पाहताहेत तो प्रसंग तो आठवणीने सांगत असतो. तांब्याच्या पत्र्यावर सुई चालवणाऱ्या बाईलाही लोक पाहणार ते चित्र दिसत नाही; तिच्यासमोर असते त्याची उलटी बाजू. सुरी धरलेला उजवा हात तिला डाव्या बाजूला काढावा लागतो.